मंचावर सतार, व्हायोलिन आणि गिटारसाठी प्रीॲम्प कोणता घ्यावा?

खर्जपंचम (धरमपेठ)

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे नागपूर आणि आसपासच्या गावांत गझल व भावगीतांच्या कार्यक्रमांना साथ करतो. माझ्याकडे सतार असते, एक ताई व्हायोलिन वाजवतात आणि तिसरा सहकारी अकूस्टिक गिटार वाजवतो. आजवर प्रत्येक वाद्यासमोर माइक ठेवून आम्ही निभावून नेले, परंतु तबला, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड एकाच मंचावर आले की माइकमधून वाद्यापेक्षा शेजारचा गोंगाटच जास्त जातो. म्हणून मी सतारीच्या तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी पाटीला) चिकटवायचा, वाद्याची कंपने वायरीत पाठवणारा पिकअप घेतला आणि मागील महिन्यात शहरातील एका सभागृहात तो प्रथमच वापरला.

अनुभव फार वाईट आला. पिकअपची वायर जोडणी बदलणारा छोटा जॅक लावून थेट मंचावरच्या, मिक्सरच्या माइक इनपुटला जोडलेल्या पेटीत घातली होती. श्रोत्यांत बसलेल्या माझ्या पत्नीने नंतर सांगितले की तिला मिजराब (तार छेडायची नखी) ऐकू येत होती, सतार ऐकू येत नव्हती. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या भाऊंनी खालचे स्वर वाढवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा दुसऱ्या गझलेच्या अंतऱ्यात असा घुमारा (फीडबॅक) सुटला की गायकाला थांबावे लागले. उरलेला कार्यक्रम मी पिकअप काढून, गायनाचा माइक वाकवून पूर्ण केला.

सर्वजण सांगतात की पिकअप आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायचा प्रीॲम्प घ्या. माझी तयारी वीस हजार रुपयांपर्यंत आहे. खरेदी करताना नेमके काय पाहावे, एकच प्रीॲम्प तिन्ही वाद्यांना चालेल का, आणि माझ्या सतारीच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या स्वराच्या) तारा त्यातून नीट जातील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. कोजागरीला एका सोसायटीच्या मैदानावर कार्यक्रम आहे, त्याआधी निर्णय घ्यायचा आहे.

मिक्सरमागून (महाल)

खर्जपंचम भाऊ, आपल्या पत्नीने केलेले वर्णन इतके अचूक आहे की आजाराचे निदान त्यातच आहे, आणि त्यात आपल्या पिकअपचा किंवा सतारीचा काहीही दोष नाही.

तबलीला चिकटवायचा पिकअप हा पिझो जातीचा असतो. विजेच्या दृष्टीने तो एका छोट्या कपॅसिटरसारखा वागतो. तो ज्या इनपुटला जोडाल त्या इनपुटचा इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) आणि पिकअपची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक चाळणी तयार होते, जी ठरावीक कंपनसंख्येच्या खालचा आवाज कमी करत जाते. ही मर्यादा काढण्याचे गणित सोपे आहे: एकला दोन, पाय (π), इम्पीडन्स आणि कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराने भागायचे. साधारण २७ मिलिमीटर व्यासाच्या पिझो चकतीची कपॅसिटन्स २० नॅनोफॅरडच्या आसपास असते. मिक्सरच्या माइक इनपुटचा इम्पीडन्स जेमतेम २ किलोओहम असतो. आकडे घालून पाहिले तर मर्यादा ४,००० हर्ट्झजवळ येते. म्हणजे त्याखालचे सारे स्वर दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरत जातात. आपली सतार काळी एकमध्ये (सी शार्प) असेल तर जोडाची तार १३८.६ हर्ट्झची असते, आणि ती तिथे पोहोचेपर्यंत सुमारे ३० डेसिबलने दबलेली असते. उरतो तो केवळ मिजराबीचा टक् आणि जवारीची (घोडीवरून येणाऱ्या झणत्काराची) वरची किनार.

भाऊंनी खालचे स्वर वाढवले, ते चाळणीने आधीच गाळलेल्या आवाजावर वाढवले. त्यातून सतार परत येत नाही. मंचाचा हादरा आणि हम तेवढा वाढतो.

आता हीच चकती १ मेगओहमच्या इनपुटला जोडली, तर मर्यादा ८ हर्ट्झवर येते. म्हणजे सतारीचा संपूर्ण आवाका जसाच्या तसा जातो. प्रीॲम्पचे पहिले काम एवढेच आहे, आणि ते करणारे यंत्र महाग असायलाच हवे असे नाही.

माझी आपल्याला एक विनंती आहे. कोणत्याही दुकानात जाण्यापूर्वी कपॅसिटन्स मोजणारा साधा मल्टिमीटर घ्या आणि सतार व व्हायोलिन या दोन्हींच्या पिकअपची कपॅसिटन्स, नेहमीची वायर जोडलेली ठेवूनच, जॅकच्या टोकावर मोजा. वायर काढू नका, कारण मंचावर पिकअप आणि वायर दोन्ही मिळूनच इनपुटपुढे उभे असतात. आकडे इथे लिहा, मग पुढे बोलू.

गजधारी (लक्ष्मीनगर)

मी गेली अनेक वर्षे व्हायोलिनवर साथ करते आणि या बाबतीत पैसे वाया घालवून शिकले आहे, म्हणून लिहिते.

माझा पहिला प्रीॲम्प मी घरी हेडफोन लावून निवडला होता. हेडफोनवर तो इतका गोड वाजला की मी दुसरे काही ऐकलेच नाही. मंचावर आल्यावर कळले की त्यात घुमारा आवरण्याचे कोणतेही साधन नाही, आणि गोडवा ज्या खालच्या भागातून येत होता तोच भाग मॉनिटरमधून (वादकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून) परत येऊन व्हायोलिनच्या पेटीत शिरत होता. हेडफोनवर निवड करू नका, कारण तिथे वाद्याकडे आवाज परत येतच नाही आणि खरी परीक्षा होतच नाही.

व्हायोलिनच्या पेटीतील हवेची कंपने २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास जोर धरतात आणि लाकडाची ४०० ते ५५० हर्ट्झच्या पट्ट्यात. या जागा प्रत्येक व्हायोलिनच्या थोड्या वेगळ्या असतात. म्हणून नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टा कापणारी चाळणी) असा असावा की तो नेमक्या जागेवर सरकवून अरुंद ठेवता येईल. ज्यावर फक्त ‘बास, मिड, ट्रेबल’ अशी तीन बटणे आहेत, त्या प्रीॲम्पवर घुमारा कमी करायला गेलात तर अख्खा मधला आवाज जातो आणि व्हायोलिन नाकातून गायल्यासारखे वाटते.

घुमारा कुठला आहे हे ओळखण्याची माझी पद्धत अशी आहे. तालमीच्या वेळी गेन हळूहळू वाढवायचा, वाद्य नुसते मांडीवर धरायचे, आणि जो सूर आपोआप धरायला लागतो तो हार्मोनियमवर शोधायचा. आपल्या कानांना तो स्वर म्हणून लगेच कळतो; कंपनसंख्या नंतर ट्यूनरवर पाहता येते. मग नॉच तिथे न्यायचा. यंत्रावरचे आकडे पाहून चाचपडण्यापेक्षा हे फार लवकर होते.

दुसरी गोष्ट फेजच्या बटणाची. हे बटण असलेलाच प्रीॲम्प घ्यावा असे माझे ठाम मत आहे. मॉनिटरमधून येणारा आवाज वाद्याच्या कंपनाला साथ देतो की विरोध करतो, हे त्या बटणाने उलटते, आणि खालच्या स्वरांचा घुमारा अनेकदा एका दाबात शांत होतो. सगळीकडे काम होत नाही, पण जिथे होते तिथे आवाजाच्या रंगाला धक्का लागत नाही.

सहातारी (मनीषनगर)

गिटारबद्दल थोडक्यात. आपल्या सहकाऱ्याच्या गिटारीत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प आधीच बसवलेला आहे का, हे प्रथम पाहा. आजकालच्या बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारींत तो असतो. तसे असेल तर त्याला बाहेरचा प्रीॲम्प घेऊ नका. एका प्रीॲम्पमागे दुसरा लावल्याने सळसळ वाढते आणि दोन ठिकाणचे इक्यू (स्वरपट्टे कमीजास्त करणारी बटणे) एकमेकांशी भांडतात. त्याला साधा पॅसिव्ह (विजेविना चालणारा) डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा आवाज मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवून देणारी डबी, पुरे आहे. बॅटरी मात्र कार्यक्रमाच्या दिवशी नवी घाला. आणि गिटारीच्या मधल्या भोकाला रबरी झाकण मिळते ते घ्या. पेटीतील हवेची कंपने १०० हर्ट्झच्या आसपास असतात. झाकणाने ती बरीच शांत होतात आणि श्रोत्यांना फरक जाणवत नाही.

खर्जपंचम (धरमपेठ)

सर्वांचे मनापासून आभार. मल्टिमीटर शेजाऱ्यांकडून आणला आणि काल रात्री मोजमाप केले. सतारीचा पिकअप वायरीसह १९ नॅनोफॅरड दाखवतो. व्हायोलिनच्या घोडीतला छोटा पिकअप तीन मीटर वायरीसह अवघा ०.९ नॅनोफॅरड दाखवतो. मला वाटले मीटर बिघडला असावा, म्हणून तीनदा मोजले. गिटारीत बॅटरीचा प्रीॲम्प आहेच, तेव्हा तो प्रश्न सुटला.

दोन नवे प्रश्न आहेत. माझ्या सतारीला खर्जाची तार आहे, आणि जवळजवळ प्रत्येक प्रीॲम्पवर लो कट (खालचा आवाज कापणारे बटण) दिसतो, तर तो लावावा की नाही? शिवाय एका मित्राचा छोटा प्रीॲम्प घरी लावून पाहिला, तेव्हा झाला (जलद ठोक्यांचा भाग) वाजवताना चिकारीच्या तारांवर आवाज फुटत होता, पण मिक्सरवर लाल दिवा लागत नव्हता. असे का होते?

मिक्सरमागून (महाल)

मीटर अगदी बरोबर आहे. आपल्या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट या दोन आकड्यांत आहे.

सतारीच्या १९ नॅनोफॅरडला १ मेगओहम भरपूर होतो. इतकेच नव्हे, २२० किलोओहमचा साधा ॲक्टिव्ह (विजेवर चालणारा) डीआय लावला तरी मर्यादा ३८ हर्ट्झवर येते, जी खर्जाच्याही खाली आहे. म्हणून सतारीसाठी ‘१० मेगओहम’ या एका आकड्याकरिता जास्तीचे पैसे मोजण्याची गरज नाही. व्हायोलिनचे तसे नाही. ०.९ नॅनोफॅरडला १ मेगओहम लावला तर मर्यादा १७७ हर्ट्झवर येते. पाश्चात्त्य स्वरजुळणीत व्हायोलिनची सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झची, आणि आपल्याकडे ती बहुतेकदा त्याहून उतरवलेली असते. म्हणजे मंद्र सप्तक पातळ होणार. तिथे १० मेगओहम हवाच, त्याने मर्यादा १८ हर्ट्झवर जाते. आणि कोणी पॅसिव्ह डीआय व्हायोलिनला लावायला दिला तर नम्रपणे नकार द्या. त्याचा इम्पीडन्स १४० किलोओहमच्या आसपास असतो. १,२०० हर्ट्झच्या वरच काय ते उरेल.

ताईंच्या वायरीबद्दलही सांगतो. वायरीची कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. इतक्या लहान पिकअपवर तीन मीटर वायर म्हणजे एक तृतीयांश आवाज वायरीतच गेला. त्यांना वायर आखूड ठेवायला सांगा आणि प्रीॲम्प मिक्सरजवळ नको, त्यांच्या बैठकीजवळ असू द्या. तिथून पुढे बॅलन्स्ड एक्सएलआर वायर पन्नास मीटर गेली तरी हरकत नाही.

आता खर्ज. काळी एकचा खर्ज ६९.३ हर्ट्झचा आहे. गिटारसाठी बनवलेल्या प्रीॲम्पवर लो कट बहुधा गिटारच्या खालच्या तारेचा, म्हणजे ८२.४ हर्ट्झचा, विचार करून दिलेला असतो. तो आंधळेपणाने दाबला तर खर्जाच्या तारेचा मूळ स्वर कापला जातो आणि केवळ त्याची वरची उपस्वरे ऐकू येतात. लो कट सरकवता येणारा असेल तर ५० हर्ट्झच्या आसपास ठेवा. सरकवता येत नसेल तर प्रीॲम्पवर लावूच नका आणि मिक्सरवर लावायला सांगा. अनेक ध्वनियोजक सवयीने प्रत्येक वाद्यावर १०० हर्ट्झचा लो कट लावून ठेवतात, म्हणून खर्जाची तार आहे हे तालमीतच स्पष्ट सांगा आणि ती एकदा छेडून दाखवा. ज्यांची सतार गायकी अंगाची आहे आणि खर्जाच्या तारा काढलेल्या आहेत, त्यांनी लो कट निश्चिंतपणे वर न्यावा.

चिकारीवर आवाज फुटण्याचे कारण हेडरूम, म्हणजे आवाज फुटण्यापूर्वी यंत्रात उरलेली जागा. मिजराबीच्या जोरकस ठोक्याला पिझोमधून क्षणभर काही व्होल्टपर्यंत झेप येते. ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा छोटा प्रीॲम्प, विशेषतः बॅटरी उतरलेली असताना, तिथेच कापतो. आवाज मिक्सरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच फुटलेला असतो, म्हणून लाल दिवा लागत नाही. इनपुटला स्वतःचा गेन किंवा पॅड (येणारा आवाज कमी करणारे बटण) आहे का ते पाहा, आणि परीक्षा आलापीवर नको, झाला वाजवून घ्या.

यंत्रांची नावे विचारलीत तर एल. आर. बॅग्जचा पॅरा अकूस्टिक डीआय मी अनेक कलाकारांकडे पाहिला आहे. त्यात १० मेगओहम इनपुट, सरकता नॉच, सरकता मध्य इक्यू आणि फेजचे बटण आहे, आणि तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर (माइकच्या वायरीतूनच मिळणाऱ्या विजेवर) चालतो. रेडियलच्या पीझेड-डीआयवर इम्पीडन्स निवडायचे बटण आहे, पण नॉच नाही. तो चांगल्या मिक्सरसोबत शोभतो. गावोगावी फिरणाऱ्यांना, जिथे मिक्सर काय मिळेल याची खात्री नसते तिथे, नॉच आपल्याजवळच असावा असे मी म्हणेन.

एक सावधगिरी. जॅक बदलणारा छोटा तुकडा लावून पिकअप थेट माइक इनपुटला जोडला आणि त्या चॅनेलवर फँटम पॉवर चालू असली, तर मोठा धमाका होऊ शकतो आणि पिकअपमागचे सर्किटही जाऊ शकते. मागच्या वेळी आपण थोडक्यात वाचलात.

बैठकीचा श्रोता (सिव्हिल लाइन्स)

मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. पिझो पिकअपमधून सतार कितीही सुधारली तरी ती तबलीतून ऐकल्यासारखी वाटते, भोपळ्यातून आणि हवेतून आलेली वाटत नाही. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात शास्त्रीय संगीताच्या सभांना बसल्यावर मी नेहमी पाहतो की सतारीसमोर चांगला कंडेन्सर माइक असतो आणि तेवढ्यावर जवारीचा सगळा दाणा ऐकू येतो. वाद्यावर चिमट्याने बसणारे डीपीए ४०९९ सारखे माइकही आहेत. प्रीॲम्पचा हट्ट कशासाठी?

गजधारी (लक्ष्मीनगर)

आपले म्हणणे स्वराच्या दृष्टीने खरे आहे आणि एकल वादनाला मीही माइकच मागते. परंतु मूळ प्रश्नात तबला, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आहेत. तिथे माइक उघडला की मॉनिटर वर नेता येत नाही, आणि स्वतःचा सूर ऐकू न येता व्हायोलिन वाजवणे म्हणजे बिनपडद्याच्या वाद्यावर अंदाजाने बोट ठेवणे. मी दोन्ही वापरते: मॉनिटरमध्ये केवळ पिकअप आणि श्रोत्यांकडे पिकअपमध्ये थोडा माइक मिसळून. यात पिकअपचा आवाज माइकपेक्षा किंचित आधी पोहोचतो. माइक वाद्यापासून फूटभर लांब असेल तर साधारण एक मिलिसेकंद. त्यामुळे फेजचे बटण दोन्ही बाजूंनी दाबून पाहावे आणि ज्या बाजूला आवाज भरीव लागेल ती ठेवावी.

खंजिरी (हुडकेश्वर)

आमच्या भजनी मंडळात एकतारीला अशीच चकती लावली आहे. मैदानावर जनरेटर चालू झाला की घरघर येते आणि तारेला हात लावला की कमी होते. प्रीॲम्पने जाईल का?

मिक्सरमागून (महाल)

भाऊ, हात लावल्यावर घरघर कमी होते याचा अर्थ चकती उघडी आहे, तिला आच्छादन नाही. चकतीवर इन्सुलेशनचा थर द्या, त्यावर तांब्याची पट्टी गुंडाळा आणि ती पट्टी वायरीच्या बाहेरच्या जाळीला डाग देऊन जोडा. आधी हे करा, प्रीॲम्प नंतर. तरीही ५० हर्ट्झचा हम राहिला तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण वापरा. मुख्य विजेच्या जोडणीचे अर्थिंग मात्र कोणत्याही परिस्थितीत तोडू नका. ओल्या मैदानावर त्याने जीव जाऊ शकतो.

खर्जपंचम (धरमपेठ)

कोजागरीचा कार्यक्रम परवा झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटी असे ठरले की नॉच, फेज आणि १० मेगओहमचा चांगला प्रीॲम्प व्हायोलिनताईंना द्यायचा, कारण गरज त्यांना जास्त होती. तो एका परिचितांकडून वापरलेला मिळाला. माझ्यासाठी इनपुट पॅड असलेला साधा ॲक्टिव्ह डीआय घेतला आणि गिटारला पॅसिव्ह डीआय व रबरी झाकण. तिन्ही मिळून वीस हजारांच्या आत बसले. आकडे मोजले नसते तर मी मोठा प्रीॲम्प स्वतःच्या सतारीला लावून बसलो असतो.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी गच्चीवर एक पॉवर्ड स्पीकर मॉनिटरसारखा ठेवून तालीम केली. सतारीवर जो सूर धरत होता तो हार्मोनियमवर शोधला, तर तो पंचम निघाला, साधारण २०८ हर्ट्झ. माझ्याजवळ नॉच नव्हता, आणि असता तरी पंचमावर लावण्याची इच्छा झाली नसती, कारण त्या दिवशीच्या चार गझलांत पंचमावर न्यास होता. कान जवळ नेऊन ऐकले तेव्हा लक्षात आले की घुमारा तबलीचा नव्हताच. मॉनिटरच्या आवाजाने पंचमाची तरफ (पडद्यांखालची सहकंपी तार) आपोआप झंकारत होती आणि चकती तो झंकार पुन्हा स्पीकरकडे पाठवत होती. ती तरफ बोटाने दाबली की सगळे शांत होई. मग चकती तरफांच्या घोडीजवळून काढून मुख्य घोडीच्या खाली, बाज तारेच्या बाजूला दोन बोटे अंतरावर बसवली, आणि मॉनिटर समोरून काढून उजव्या गुडघ्याच्या बाजूला, सुमारे पावणेतीन फूट मागे नेला. २०८ हर्ट्झच्या लहरीची लांबी १.६५ मीटरच्या आसपास असते. अर्ध्या लांबीने स्पीकर सरकला की फेजच्या बटणासारखाच परिणाम होतो, हे इथल्या चर्चेमुळेच सुचले. त्यानंतर आवाज पूर्वीपेक्षा बराच वर नेता आला.

मैदानावर रात्री दहानंतर दव पडू लागले. ताईंच्या व्हायोलिनचा आवाज मध्येच कोरडा, पातळ झाला. जॅक काढून पाहिला तर त्यावर ओल होती. सुती कापडाने पुसून पुन्हा लावल्यावर मंद्र सप्तक परत आले. १० मेगओहमच्या इनपुटला एवढी ओलदेखील पुरते, हे डोळ्यांसमोर दिसले. आता वायरींच्या पिशवीत कोरडे कापड आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत.

शेवटच्या गझलेत झाल्याला पॅड चालू ठेवला आणि चिकारी एकदाही फुटली नाही. पत्नी तिसऱ्या रांगेत होती. मध्यंतरात दूध देताना ती म्हणाली, “आज खर्ज ऐकू येतो आहे.”

मिक्सरमागून (महाल)

तरफेचे निरीक्षण फार मोलाचे आहे. मी आजवर तो घुमारा तबलीचाच धरून इक्यूने कापत आलो. पुढच्या सतारीच्या कार्यक्रमात प्रथम तरफा दाबून पाहीन. व्हायोलिनच्या वायरीचे जॅक मात्र बदलून घ्या, दव पुन्हा पडेल.